उसाआडचा रस्ता

या, असे पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलेल्या मंडळींनो, तुम्हीही या. माझा आवाज फार मोठा नाही आणि आज साथीला पेटी-मृदंगही नाही. कीर्तनात बुवा उत्तररंगाला एखादा दाखला देतात ना, तसाच एक दाखला तुम्हाला सांगायचाय. हा पुराणातला नाही. इंदापूर तालुक्यात निरवांगीच्या शिवारात घडलेला आहे, आणि ज्या बाईच्या पायांनी तो घडवला ती आजही सकाळी गोठ्यात शेण काढताना दिसते.

तिचं नाव सिंधुबाई कोकरे. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं. नेमकं तिलाही ठाऊक नाही, कारण ती जन्मली मेंढरांच्या वाटेवर, आणि वाटेवर तारीख कोण लिहून ठेवतो? लग्नानंतरही वीस-बावीस वर्षं ती नवरा जोतीराम याच्यासोबत मेंढरांमागं चालली. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, उन्हाळा सरला की माघारी. पुढं मेंढरं गेली, कालव्याच्या पाण्यावर रान भिजायला लागलं, भावकीची सहा घरं एका जागी उभी राहिली. तीच कोकरे वस्ती. एवढं सगळं झालं, पण शाळेची पायरी काही सिंधुबाईच्या नशिबी आली नाही. म्हणून नात छकुली सहा वर्षांची झाली आणि इंदापूरच्या बाजूच्या एका शाळेत तिचं नाव लागलं, तेव्हा या बाईनं मारुतीपुढं नारळ फोडला आणि सगळ्या वस्तीत खोबरं वाटलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला पिवळी गाडी आली. पण ती आली कालव्याच्या पलीकडं.

वस्ती कालव्याच्या अलीकडं. पलीकडच्या काठावर, कालवा खणताना निघालेल्या मुरमाचा एक उंचवटा आहे, त्याच्या पायथ्याशी गाडी उभी. मधे वीसेक फुटांचा कालवा, आणि ओलांडायला म्हणाल तर पाण्याच्या गेटावर टाकलेली हातभर रुंदीची लोखंडी फळी. गडीमाणसं त्यावरून जातात-येतात, पण तेही खाली न बघता.

"ओ भाऊ, हिकडं या की. पोरगी हिकडं हाय," सिंधुबाई अलीकडून ओरडली.

गाडीचा ड्रायव्हर उतरला. पन्नाशीचा माणूस, दाढी पांढरी, खांद्यावर पंचा. नाव हैदर. त्यानं हातातला फोन उंच धरून दाखवला, जणू तिला एवढ्या लांबून दिसणार होता.

"मावशी, लोकेशन हितंच दावतंय."

"त्याला काय कळतंय? मी दावते न्हवं."

"तुमी दावताय ते दिसतंय मला. पण गाडीत यंत्र बसवलंय. नेमलेली वाट सोडली की तिकडं हापिसात घंटी वाजती."

त्या दिवशी कालवा कोरडा होता. सिंधुबाईनं पदर खोचला, छकुलीला कडेवर घेतलं आणि कालव्यात उतरून पलीकडं चढली. पोरगी गाडीत बसली, काचेतून हात हलवला. गाडी गेली. सिंधुबाई काठावर उभी राहिली. घसरून गुडघा सोलला होता, त्याकडं तिचं लक्ष नव्हतं. तिचं लक्ष होतं गेटाकडं. पाटकरी परवाच सांगून गेला होता, की दोन आठवड्यांनी सोमवारी आवर्तन सुटणार. एकदा पाणी सुटलं की कालवा काठोकाठ. मग कडेवर पोर घेऊन उतरणं नाही, आणि त्या फळीवरून सहा वर्षांचं लेकरू न्यायची हिंमत तिच्यातही नव्हती.

संध्याकाळी मुलगा शंभूराज बारामतीच्या कंपनीतून पाळी करून आला, तेव्हा खरी गोष्ट उघडी पडली.

"शाळेनं घराचं लोकेशन पाठवा म्हणून सांगितलं होतं," शंभूराज भाकरी मोडत म्हणाला. "घरी रेंज कुठं हाय? म्हणून उंचवट्यावर जाऊन पाठवलं. फोन लावायचा झाला तरी आपण तिथंच जातो की."

"म्हंजी घर विचारलं, आन तू मुरमाचा ढीग पाठवलास," सिंधुबाई म्हणाली. "बरं झालं लग्नाच्या येळंला फोन न्हवता. नायतर वऱ्हाड ढिगावर जाऊन बसलं असतं."

जोतीराम खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण धारही नव्हती. "कशाला घोर करताय? पाणी सुटलं की शाळा बंद ठेवायची. पुढल्या वर्षी बघू."

"पुलावरनं नेलं तर?" सुनेनं तान्ह्या बाळाला थोपटत विचारलं.

"पूल दीड किलोमीटर खाली," जोतीराम म्हणाला. "तितनं माघारी ढिगापस्तोर यायचं म्हंजी तीन. एवढंसं पोर, पाठीला दप्तर, सकाळ-संध्याकाळ. शंभू पहाटं सहाला जातो. माझं गुडघं हे असं. न्यायचं कुणी?"

"गाडी पुलावरनं दारात आली पायजे," सिंधुबाई म्हणाली. "आन पुढलं वर्ष म्हणू नका. माझं पुढलं वर्ष कधीच उगवलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती गाडीत छकुलीशेजारी बसूनच शाळेत गेली. वाहनांचं बघणारे अजित सर तरुण, अदबशीर. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला.

"हे बघा आजी. हा डांबरी रस्ता. हा कालवा. ही तुमची वस्ती, सहा पत्रे दिसतायत. पण पुलापासून वस्तीपर्यंत रस्ताच नाही."

सिंधुबाईनं डोळे बारीक केले. आभाळातून काढलेलं चित्र होतं. घारीला दिसावं तसं. पुलाच्या अलीकडं जिथून त्यांची गाडीवाट वस्तीकडं जाते, तिथं मधेच नुसतं हिरवंगार.

"हा सावळारामचा ऊस," ती म्हणाली. "वाटंवर आडवा झालाय. वाट खाली हाय त्याच्या."

"असेल. पण नकाशाला दिसत नाही."

"पदरानं त्वांड झाकलं तर बाईला त्वांडच न्हाय म्हणता का?"

अजित सर हसले, पण मान हलली नाही. "नकाशात रस्ता नाही तिथं मुलांची गाडी घालायची नाही, असा संस्थेचा नियम आहे. उद्या आत गाडी अडकली तर पालक मलाच विचारतील. तुम्ही रस्ता नकाशात आणा. दुसऱ्या दिवशी गाडी तुमच्या दारात."

म्हणायला ते सहज म्हणाले. सिंधुबाईनं मात्र ते गाठीला बांधलं.

त्या दुपारी छकुलीला सोडायला आलेल्या हैदरला तिनं उंचवट्याखालीच गाठलं. "भाऊ, नकाशात रस्ता आणायचा म्हंजी कुठं जायचं? तहसिलात?"

हैदर बोनेटला टेकला. हा माणूस निरवांगीच्या सप्त्याला दरवर्षी कीर्तनकार बुवांना आणायला-सोडायला जाई. बाहेर गाडीपाशी उभा राहून कीर्तन ऐके आणि जाताना प्रसाद घेऊन जाई. त्यामुळं सिंधुबाईचा चेहरा त्याच्या ओळखीचा होता.

"तहसिलात न्हाय. फोनातच. माझी लेक साजिया बारामतीला औषधं पोचवायचं काम करती स्कूटीवर. तिनं दोन वस्त्यांचे रस्ते चढवलेत. वाटंनं फोन घेऊन चालायचं, त्याची रेघ उमटती. ती रेघ आन वाटंचे फोटो पाठवायचे. तिकडं कोण तपासणारे असतात, त्यांना पटलं की रस्ता दिसाय लागतो."

"आमच्याकडं रेंज न्हाय."

"रेघंला रेंज लागत न्हाय मावशी. रेंज टावरची. आपण कुठं हाय हे वरनं, उपग्रहावरनं कळतं. आभाळ उघडं पायजे फक्त. पाठवायच्या येळंला तेवढी रेंज लागती."

सिंधुबाईनं वळून उंचवट्याकडं बघितलं. मग घराकडं. "म्हंजी आमचं येडं घरात बसूनबी जागा धरू शकलं असतं."

"व्हय. पण सगळी तशीच करतात. वडगावला एकानं दूधडेअरीवर उभं राहून घराचा पत्ता पाठवला. अजून त्याचं पार्सल डेअरीतच पडतं."

हैदरनं घरातल्या जुन्या फोनात रेघेचं ॲप घालून दिलं. सुरू कुठं करायचं, थांबवायचं कुठं, दोन बटणं दाखवली. दुसऱ्या सकाळी सिंधुबाई पुलापासून निघाली. फोन हातात, काठी काखेत. वीस-बावीस वर्षं चाललेले पाय होते, त्यांना वाट शिकवायला लागत नव्हती. तासाभरात ती दारात पोचली. उंचवट्यावर जाऊन रेघ साजियाला पाठवली, तिनं पुढं धाडली.

चार दिवसांनी उत्तर आलं, नामंजूर.

हैदरनं पडद्यावर ती रेघ उघडून दाखवली, तेव्हा दोघंही पडद्यावर वाकले. रेघ पुलावरून निघाली होती, मग डावीकडं लिंबाखाली गेली होती, तिथून रानाच्या कडेनं पडीकात शिरली होती, विहिरीला वळसा घालून एका मोकळ्या शेतातून तिरकी निघून पुन्हा वाटेवर आली होती. कुणाच्याही पिकात पाय पडला नव्हता. सगळीकडं सावली होती, दोन ठिकाणी पाणी.

"मावशी," हैदर दाढी कुरवाळत म्हणाला, "तुमी मेंढरं घिऊन चालला."

सिंधुबाईला आधी कळलं नाही. मग रेघेवर बोट फिरवता फिरवता कळलं. लिंबाखाली ती थांबली होती, कारण तिथं कळप थांबवायचा असतो. पडीकात शिरली होती, कारण तिथं चारा असतो. ती रस्त्यावरून चाललीच नव्हती. तिच्या पायांनी आपली जुनी वाट धरली होती आणि तिला पत्ताही लागला नव्हता.

"मग आता?"

"आता तुमी गाडी व्हायचं."

पुन्हा चालायचं तर खरं, पण गाडी होऊन चालणं म्हणजे काय हे तिनं रात्रभर मनाशी घोळवलं नाही. सकाळी थेट पुलावर जाऊन उभी राहिली आणि तिथंच ठरवलं. गाडीला सावली लागत नाही. गाडी बांधावर चढत नाही. गाडी वळताना अंग मोठं करून वळते. आणि गाडीला रुंदी लागते. तिनं आपली मेंढक्याची काठी वाटेवर आडवी ठेवली. दोनदा काठी मावली तर गाडी जाईल, असा हिशेब हैदरनं सांगितलेला. पहिल्या दोनशे पावलांत दोनदा मावली. पुढं मावली. मग सावळारामचा ऊस आला, आणि काठी एकदाही धड मावेना. अकरा महिन्यांचा ऊस दोन्ही बाजूंनी वाटेवर लोळला होता. आत शिरलं की आभाळ दिसत नव्हतं. आभाळच नाही तर वरून रेघ कशी उमटणार?

सावळाराम विहिरीच्या पाण्याची पाळी देत बांधावर उभा होता. नात्यानं चुलत दीर, स्वभावानं बाभळीचं लाकूड.

"सावळारामभावजी, ऊस वाटंवर आलाय."

"ऊस येतोच. वाट तितंच हाय, गेली का कुठं?"

"पोरीची गाडी यायची हाय."

"मग पोरीच्या गाडीसाठी मी उभा ऊस तोडू? तोड यायला अजून चार महिने हायत."

"तोडू नका. मी बांधते."

सावळारामनं खोरं थांबवलं. "कोण बांधतंय?"

"मी. त्याच्याच पाचटानं. एक कांडं मोडलं तर सांगा."

लोळलेला ऊस उचलून, चार-सहा ऊस एकत्र करून, त्यांच्याच वाळल्या पानांनी जुडी बांधायची, हे काम इकडं कुणाला नवं नाही. पण सव्वाशे पावलं दोन्ही बाजूंनी, आणि उसाच्या पानाची धार म्हणजे करवत. पहिल्या सकाळी ती एकटीच होती. दुपारी घरी आली तेव्हा हात-तोंडावर बारीक ओरखडे. जोतीरामनं ते बघितलं. दुसऱ्या सकाळी तो पाचट ओलं करून पेंढ्या घेऊन आला आणि बांधावर बसून देत राहिला. त्याचे गुडघे चालत नव्हते, हात चालत होते. वस्तीतली कुशाबाई आली, आणखी दोघी आल्या.

"एवढी मेहनत घरात केली असती तर सोन्याचा उंबरा झाला असता," कुशाबाई म्हणाली.

"सोन्याचा उंबरा करून गाडी उंबऱ्याला येणार हाय का? बांध."

तिसऱ्या दिवशी सावळाराम बांधून झालेल्या रांगेतून चालत आला. एक जुडी हलवून बघितली. "गाठी सैल हायत," म्हणाला. "वारं आलं की सुटतील. अशी पीळ देऊन मारा." एक मारून दाखवली आणि निघून गेला.

शुक्रवारी वाटेवर पट्टाभर आभाळ उघडं झालं होतं. सिंधुबाई पुन्हा पुलावरून निघाली. या वेळी ती गाडी होती. बरोबर मधोमध, एका चालीनं. लिंब आला, पाय आपोआप डावीकडं ओढ घेऊ लागले. तिला कीर्तन आठवलं. बुवा दाखल्यात कितीही लांब गेले तरी फिरून मूळ चरणावर येतात. चरण सोडला तर कीर्तनाच्या गप्पा होतात. तिनं पाय आवरले. दर शंभर पावलांना काठी रस्त्यावर दोनदा मावते हे मापून, काठी आडवी ठेवून फोटो काढला. पहिल्या तीन फोटोंत तिचा अंगठाच आला. ते तिनं पुन्हा काढले. पुलाचा काढला, दगड मोजता येतील एवढा जवळून.

साजियानं सगळं पाठवलं. शनिवारी दुपारपर्यंत पडद्यावर एकच शब्द: प्रलंबित. सोमवारी पाणी सुटणार होतं.

सिंधुबाई पुन्हा शाळेच्या कार्यालयात गेली. या वेळी खुर्चीवर बसली नाही. फोन टेबलावर ठेवला. अजित सरांनी एकेक फोटो बघितला. काठी, काठी, काठी. सव्वीस फोटो, सव्वीस काठ्या.

"प्रत्येक फोटोत ही काठी का, आजी?"

"गाडीची रुंदी. दोनदा मावती. जिथं मावत न्हवती तिथं मावाय लावली."

सरांनी रेघ उघडली. सरळ, कुठंही न भटकणारी. पुलापासून वस्तीपर्यंत तिच्यावरून बोट फिरवलं. "तपासणाऱ्यांचं उत्तर कधी येईल सांगता येत नाही," ते म्हणाले.

"पाणी सोमवारी येणार हाय. ते प्रलंबित न्हाय."

अजित सरांनी खिडकीबाहेर बघितलं. नियम मुलांच्या गाडीचा होता. "उद्या रविवार," ते सावकाश म्हणाले. "गाडी रिकामी असते. मी स्वतः येतो. ही रेघ हैदरभाईंच्या फोनवर घेऊ. गाडी सुखरूप गेली आणि सुखरूप वळली, तर सोमवारी मी माझ्या सहीनं थांबा बदलतो. अडकली, तर मात्र शब्द नाही."

रविवारी सकाळी गाडी पुलावर आली. पुढं हैदर, शेजारी अजित सर, मागच्या बाकावर सिंधुबाई. पूल ओलांडला आणि गाडीतलं यंत्र बोलायला लागलं. बाईचा आवाज, स्वच्छ, शहरी. यू-टर्न घ्या.

"ही कोण?" सिंधुबाईनं विचारलं.

"नकाशातली बाई," हैदर म्हणाला.

"तिला सांग, मी हाय गाडीत."

"ती कुणाचं ऐकत न्हाय मावशी. आमच्या घरातलीबी तिला भ्येतात."

यू-टर्न घ्या, बाई पुन्हा म्हणाली. यंत्राच्या पडद्यावर गाडीचा बाण रस्ता नसलेल्या हिरव्यात पोहत होता. पण हैदरच्या फोनवर सिंधुबाईची रेघ होती आणि गाडी तिच्यावरून तसूभर हलत नव्हती. अजित सर एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. ऊस आला. दोन्ही बाजूंना जुड्या ताठ उभ्या. गाडी निम्म्यात गेली आणि हैदरनं ब्रेक मारला. पहाटेच्या वाऱ्यानं एक जुडी सुटली होती आणि सात-आठ ऊस वाटेवर पसरले होते.

अजित सर पुढं वाकून बघू लागले. सिंधुबाईनं दार उघडायला हात घातला, तेवढ्यात उसातून सावळाराम बाहेर आला. त्यानं ते सगळे ऊस दोन्ही हातांनी कवेत घेतले, छातीशी धरले आणि बांधाला पाठ लावून उभा राहिला.

"जावा आता," तो म्हणाला. "सांगितलं होतं, गाठी सैल हायत म्हणून."

गाडी त्याच्या पोटाशी वीतभर अंतर ठेवून गेली. दारात पोचली. अंगणातल्या लिंबाच्या पारापाशी एका दमात वळली. छकुली पायऱ्यांवर उभी होती, शाळा नसतानाही गणवेशात. अजित सर उतरले, काठी मागून घेतली आणि एका जागी स्वतः मापून बघितली. मग फोन काढला, तिथंच उभं राहून जागा धरली आणि म्हणाले, "रेंज आली की पाठवतो. उद्या साडेसात."

सोमवारी पहाटे पाणी सुटलं. गढूळ, फेसाळ, काठोकाठ. गेटावरची फळी थरथरत होती. साडेसातला छकुली आपल्या अंगणातून चार पावलं चालून गाडीत बसली. नकाशात रस्ता उमटला तो पुढं नऊ दिवसांनी. त्यानंतर गॅसची टाकी, जनावरांचा डॉक्टर, कुशाबाईच्या लेकीचं पार्सल, सगळं त्या वाटेनं यायला लागलं. नकाशातली बाई आता गाडी पुलावर आली की डावीकडं वळा म्हणते. सिंधुबाई गाडीत असली की म्हणते, "व्हय बया, ठावं हाय."

मंडळी, दाखला एवढाच. तुम्हीही कुठं कुठं जाता, फोन वाट दाखवतो आणि तुम्ही निर्धास्त वळता. वळा, काही हरकत नाही. फक्त एखादा अरुंद, उसातला, कुणी न पाहिलेला रस्ता पडद्यावर दिसला, तर तो आपोआप आलेला नसतो. कुणीतरी तो पायांनी तिथं नेलेला असतो. अशा वेळी क्षणभर निरवांगीच्या सिंधुबाईची आठवण काढा, आणि मनातल्या मनात एकदा रामकृष्णहरी म्हणा.